जेएएक्सबीची ॲनोटेशन मूळ क्लासवरच लावावीत की एक्सएमएलसाठी वेगळे क्लास करावेत?

आपल्याकडे जावाचे वीसएक क्लास आहेत आणि त्यांच्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल करून ते दुसऱ्या कंपनीला पाठवायचे आहे. जेएएक्सबीची (जावाच्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल आणि एक्सएमएलचे ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीची) ॲनोटेशन, म्हणजे एक्सएमएल कसे करायचे ते सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, डेटाबेससाठीच्या त्याच क्लासवर लावावीत की वेगळे क्लास लिहावेत, आणि जावा 17 वर ‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ हे पॅकेज का सापडत नाही, असे आपण विचारले आहे. त्यातला दुसरा भाग आधी उरकतो. जेएएक्सबी जावा 6 पासून जेडीकेसोबतच (जावात प्रोग्राम लिहिण्याच्या मूळ संचासोबतच) येत असे. 2018 साली जावा 11 मधून ते काढून टाकण्यात आले. आता जकार्ता एक्सएमएल बाइंडिंगचा (जेएएक्सबीच्या आजच्या नावाचा) एपीआय आणि प्रत्यक्ष काम करणारा त्याचा रनटाइम या दोन्ही डिपेन्डन्सी आपणच जोडायच्या. नुसता एपीआय जोडल्यास कोड कंपाइल होतो आणि चालवताना पडतो.

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर, वेगळे. डेटाबेसच्या क्लासवर एक्सएमएलची ॲनोटेशन लावणे हा मला शुद्ध आळस वाटतो आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

2012 साली मी पुण्यात मालवाहतुकीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक खेपेची माहिती एक्सएमएलच्या रूपात एका ग्राहकाच्या भिवंडीतील गोदामाकडे जाई आणि तिच्यावरून तिथे माल उतरवून घेण्याची चिठ्ठी छापली जाई. त्या क्लासमध्ये माल घेणाऱ्याच्या नावाचे एक फील्ड होते आणि ते लिहिणाऱ्याने ‘रिसीव्हर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल करून ठेवली होती. शुद्धलेखनाचा मला लहानपणापासूनचा रोग आहे. एका गुरुवारी संध्याकाळी, दुसरेच काम करत असताना, मी एक्लिप्स या कोड-एडिटरमधून ते नाव दुरुस्त केले. गेटर, सेटर, सगळे संदर्भ आपोआप बदलले, टेस्ट हिरव्या राहिल्या आणि रात्री नवी आवृत्ती सर्व्हरवर गेली.

शुक्रवारी सकाळी भिवंडीहून फोन सुरू झाले. चिठ्ठ्या छापल्या जात होत्या, परंतु माल घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी येत होती आणि फाटकावरचा माणूस नाव नसलेल्या चिठ्ठीवर ट्रक आत घ्यायला तयार नव्हता, जे त्याच्या दृष्टीने अगदी योग्यच होते. आमच्या लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नव्हते. त्यांच्याकडेही नव्हते. आम्ही चौघांनी पाठवलेले एक्सएमएल उघडून पाहिले, तर नाव टॅगमध्ये व्यवस्थित बसलेले होते. टॅगच चुकला असेल हे कोणाच्याही मनात आले नाही, कारण तो आता बरोबर लिहिलेला होता. अखेर बुधवारची फाइल आणि शुक्रवारची फाइल शेजारी ठेवून डिफ (दोन्हींतला फरक) घेतला, तेव्हा दोन अक्षरे लाल झालेली दिसली.

घडले होते ते असे. ॲनोटेशनमध्ये नाव स्पष्ट दिलेले नसेल, तर जेएएक्सबी फील्डचे नावच टॅगला देते. फील्ड बदलले म्हणून टॅग बदलला. गोदामाकडचा प्रोग्रामही जावाचाच होता आणि त्याने स्कीमाची, म्हणजे ठरलेल्या आराखड्याशी एक्सएमएल जुळते का याची, तपासणी लावलेली नव्हती. अनमार्शलरला (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या भागाला) अशा वेळी अनोळखी टॅग भेटला तर तो तक्रार न करता त्याला ओलांडून पुढे जातो आणि ज्या फील्डला टॅग मिळालाच नाही ते नल, म्हणजे रिकामे, राहते. आमच्या टेस्टनाही हे दिसणे शक्य नव्हते, कारण त्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल करून त्याच क्लासने परत वाचत होत्या. दोन्ही बाजू एकदमच बदलल्यावर फरक पडणार कुठून? ‘गेले तसे परत आले’ एवढेच सिद्ध करणारी टेस्ट मी तेव्हापासून टेस्ट मानत नाही.

आमच्या तेव्हाच्या टीम लीडनी सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितले की, चालणाऱ्या कोडला हात लावणे हीच चूक होती. मी म्हणालो की, ज्या क्लासमधले स्पेलिंगसुद्धा सुधारता येत नाही तो क्लास आपला राहिलेला नाही, तो ग्राहकाच्या ताब्यात गेलेला आहे, आणि म्हणून एक्सएमएलचा क्लास निराळा हवा. त्यावर ‘तीच तीस फील्ड दोनदा टाइप करायला कंपनी पगार देत नाही’ असे उत्तर मिळाले. दुरुस्ती मागे घेण्यात आली आणि चुकीचे स्पेलिंग पुन्हा सन्मानाने स्थानापन्न झाले. (एकदा दोघांत ठरलेली चूक सुधारता येत नाही, हे मला मान्य आहे. एचटीटीपीमधील ‘रेफरर’ या हेडरचे स्पेलिंग 1996 च्या आरएफसी 1945 या एचटीटीपीचे वर्णन करणाऱ्या दस्तऐवजात चुकलेले आहे आणि आजही सगळे ब्राउझर तसेच पाठवतात. प्रश्न चूक कुठे राहू द्यायची, एवढाच आहे.)

म्हणून आपल्याला सांगतो की, ज्या कंपनीला एक्सएमएल पाठवायचे आहे तिच्याशी ठरलेला एक्सएसडी (स्कीमाची फाइल) प्रमाण माना, त्यावरून एक्सजेसी या जेएएक्सबीच्या साधनाने क्लास तयार करून घ्या, आणि आपल्या मूळ ऑब्जेक्टमधून त्यांत माहिती भरणारा कंटाळवाणा कोड एकदा हाताने लिहा. त्या कोडमधील नावाची चूक कंपायलर पकडतो, टॅगमधील चूक तो पकडत नाही. मार्शलरवर (ऑब्जेक्टचे एक्सएमएल करणाऱ्या भागावर) ‘सेटस्कीमा’ करून तोच एक्सएसडी लावा, म्हणजे माझ्यासारख्याने टॅग बदलला तर खेप निघण्यापूर्वीच एक्सेप्शन येईल. मात्र तो एक्सएसडी दर बिल्डला क्लासमधून नव्याने काढत बसू नका, नाहीतर क्लाससोबत तोही चुकेल आणि तपासणी पुन्हा हिरवीच दिसेल. जेएएक्सबीकॉन्टेक्स्ट (ज्यातून मार्शलर मिळतो तो ऑब्जेक्ट) बनवणे महाग असते, तेव्हा तो एकदाच बनवून ठेवा. मार्शलर मात्र एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरण्यास सुरक्षित नसल्याने दर वेळी नवा घ्या.

प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की, प्रत्येक फील्डवर ‘एक्सएमएलएलिमेंट’ लावून त्यात नाव स्पष्ट लिहिलेले असते, तर माझ्या दुरुस्तीने काहीही बिघडले नसते आणि वेगळ्या क्लासचीही गरज पडली नसती. लीडनी तेव्हा हा मुद्दा मांडला असता तर मी निरुत्तर झालो असतो. त्यांनी तो मांडला नाही. आपले क्लास वीसच असतील, त्यांच्यात एकमेकांकडे दोन्ही बाजूंनी बोट दाखवणारे संदर्भ नसतील (असतील तर मार्शल करताना ‘सायकल’ सापडल्याची त्रुटी येईलच), आणि लिहिणारे व वाचणारे दोन्ही प्रोग्राम आपल्याच हातात असते, तर तेवढ्यावर भागले असते. आपला वाचणारा दुसरीकडे आहे.

पुढच्या नोकरीत योगायोगाने त्याच गोदामासाठी काम आले, तेव्हा मी कोणालाही न विचारता वेगळे क्लास केले. आमच्या क्लासमध्ये ‘रिसीव्हर’ बरोबर लिहिलेला आहे. एक्सएमएलच्या क्लासमध्ये तो चुकीचाच आहे आणि त्यावर मी कॉमेंट लिहिली आहे: ‘हे चुकीचे आहे हे माहीत आहे, कृपया दुरुस्त करू नये.’