डोक्यात विषय आहे, टिपणं आहेत, पण लेख पूर्णच होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मुंबईत गिरणीत होते, त्यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचाय, वहीभर टिपणं काढून झालीत पण दीड-दोन पानं झाली की पुढे सरकत नाही. मला वाटतं तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून सापडलेला नाहीये. नुसत्या विषयावर दोन पानंच होतात कारण सगळ्यांना माहीत असलेलं तेवढ्यात लिहून संपतं आणि मग पेन थांबतं.

माझ्या एका लेखाचं सांगते म्हणजे काय म्हणतेय ते कळेल. बीड जिल्ह्यात आमचं गाव, आणि घरात कुणीही म्हातारं माणूस बोलायला लागलं की १९७२ च्या दुष्काळावर येतंच. त्यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं. सुरुवातीला फक्त गोळा केलं, आत्या, तिच्या मैत्रिणी, शेजारच्या आजी, ज्यांनी सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर खडी फोडलीय त्या सगळ्यांशी बोलले. मोबाईलवर रेकॉर्ड करायचे (विचारूनच) आणि त्याच रात्री ऐकून उतरवून काढायचे, कारण आठवडाभर ठेवलं की त्यांचे शब्द जाऊन आपले शब्द येतात. मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, कामावर खायला मिळायची ती सुकडी, मुकादम, मस्टर म्हणजे हजेरीचं बुक, शनिवारचा पगार की बुधवारचा यावरून दोघींचं भांडण, सगळं उतरवलं.

मग पहिला खर्डा. तो एका बैठकीत, मागे वळून न वाचता लिहायचा असं माझं मत आहे. माझा खर्डा पाऊस किती कमी झाला, सरकारने कामं कशी काढली अशा माहितीने सुरू झाला होता. वाईट नव्हता पण ते कुणीही लिहिलं असतं. दोन-तीन दिवसांनी प्रिंट काढून वाचला तेव्हा मधेच कुठेतरी एक वाक्य होतं, आत्याचं, "लेकरू बाभळीला झोळीत टांगायचं अन् थोरलीला बसवायचं त्याच्यापाशी." तिथे मी थांबले. ही थोरली कोण? किती वर्षांची? ती शाळेत नव्हती का जात? बाया खडी फोडत होत्या तेव्हा त्यांची लेकरं कोण बघत होतं, हा माझ्या लेखाचा प्रश्न, आणि तो खर्डा लिहिल्याशिवाय मला सापडलाच नसता.

त्यानंतर परत त्याच बायकांकडे गेले, यावेळी तेवढंच विचारायला. खरा मजकूर या दुसऱ्या फेरीत मिळाला. एक मावशी म्हणाल्या त्याच थोरल्या होत्या, तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच, ज्यावर काम चालू होतं तो पाझर तलाव झाला, पाऊस पण आला पण दप्तर परत कुणी हातात दिलं नाही. हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या वेळी मी सगळं विचारत होते म्हणून त्या सगळ्यांना सांगतात तेच सांगत होत्या.

आता कापाकापी. पाऊस-सरकारवाली सुरुवातीची दोन पानं सगळी गेली, त्यातलं एकच वाक्य राहिलं की मे १९७३ च्या सुमाराला राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ते ठेवलं कारण एवढ्या मजुरांमागे बाभळीखाली बसलेल्या मुली किती असतील हे वाचणाऱ्याने स्वतःच मनात धरावं. सुकडीवरचा एक परिच्छेद मला फार आवडायचा पण प्रश्नाशी संबंध नव्हता, काढला, वेगळ्या फाईलमध्ये ठेवलाय.

आठवणी तपासायच्याच. बऱ्याच जणी "रोजगार हमीवर होतो" म्हणतात. योजना १९७२ ची खरी पण कायदा १९७७ चा, लागू १९७९ ला, आणि दुष्काळात निघालेली बहुतेक कामं या योजनेतली नव्हती, टंचाईची म्हणून वेगळी काढलेली. बाईच्या तोंडचं वाक्य मी तसंच ठेवते, पण निवेदनात माझ्याकडून चुकीचं जाऊ नये म्हणून जुन्या पेपरच्या फाईली आणि गॅझेटिअर बघते. मोठ्या वाचनालयात बघायला मिळतं हे, फक्त वेळ काढून बसावं लागतं.

शेवटची वाचणी मोठ्याने करा आणि शक्यतो लेखाशी संबंध नसलेल्या माणसाला ऐकवा, त्याचं लक्ष जिथे उडतं तिथे पेन्सिलने खूण करायची, वाद घालायचा नाही. अंकाची शब्दमर्यादा आधीच विचारून घ्या, आणि बोलीतली वाक्यं मुद्दाम तशी ठेवलीत हे संपादकांना पत्रात लिहा, नाहीतर मुद्रितशोधनात "अन्" चं "आणि" होऊन येतं. युनिकोडमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये घेताना "दुसऱ्या", "वाऱ्या" मधला र फुटतो, म्हणून छापायच्या आधी पीडीएफ मागून स्वतः बघा. बऱ्याच अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नाही.

तुमच्या आजोबांचं म्हणाल तर १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, संपाचे पुढारी दत्ता सामंत वगैरे सगळं छापून आलेलं आहे, ते त्यांना विचारूच नका. संपाच्या आधी महिन्याला गावी मनीऑर्डर जायची का, पगार थांबल्यावर ती किती महिने जात राहिली, आणि त्या पैशांसाठी त्यांनी काय केलं? खानावळवालीचं बिल कसं भागवलं, की तिनेच थांबवून धरलं? आजी असतील तर त्यांना वेगळं बसवून हेच विचारा, आजोबा समोर नसताना.