आधी नळी, मग बाकीचं
वाचकांचे प्रश्न : ठासणीच्या रायफलीचे सुटे भाग

पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या धाटणीची लांब नळीची ठासणीची रायफल सुटे भाग जुळवून बांधण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. तिथल्या वाचकांनी पाठवलेले हे प्रश्न. भारतातल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की इथे ठासणीची बंदूकसुद्धा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवान्याशिवाय ती बांधायची नाही आणि तिचे भागही मागवायचे नाहीत.

प्रश्न : ५० कॅलिबरची ४२ इंची 'स्वॉम्प्ड' नळी सवलतीत मिळाली. आता ७/८ इंची सरळ अष्टकोनी नळीसाठी खाच पाडलेला तयार दस्ता स्वस्तात मिळतोय. थोडं कोरून बसेल का?

उत्तर : नाही बसणार. स्वॉम्प्ड नळी मागे जाड असते, पुढे निमुळती होत जाते आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगते. सरळ खाचेत तिची मागची बाजू शिरणार नाही. तिथे कोरून जागा केलीत तरी मधल्या बारीक भागाच्या दोन्ही बाजूंना फट राहील. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही. ती फट इपॉक्सीने बुजवणारे आहेत, पण पॉलिश चढलं की इपॉक्सीची रेघ लांबूनही दिसते.

सगळा घोळ खरेदीच्या क्रमात आहे. नळी ठरली की दस्ता ठरतो. नळीची मागची जाडी आणि ब्रीच प्लगची, म्हणजे मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाची, लांबी यावरून लॉकची, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेची, जागा ठरते, आणि लॉक ठरल्यावर चाप. तुमच्याकडे नळी आहेच, तर त्याच कारखान्याच्या त्याच मापाची खाच पाडून देणाऱ्याकडूनच दस्ता घ्या. 'बी वेट' हे नळीच्या जाडी-वजनाच्या एका वर्गाचं नाव दोन कारखान्यांत सारखं असलं तरी माप तंतोतंत सारखं असेलच असं नाही. नळी हातात असेल तर दर सहा इंचांवर कॅलिपरने मापून तो तक्ता दस्तेवाल्याला पाठवा.

लाकडाचं म्हणाल तर लहरींना भुलू नका. लहरीदार मेपल दिसतो देखणा, पण आधी मनगटाजवळचा, म्हणजे मुठीचा, भाग बघा. तिथे रेषा मुठीच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. त्या आडव्या कापल्या गेल्या असतील तर दस्ता नेमका तिथेच मोडतो. कठीण 'शुगर मेपल'वर बारीक कोरीव काम धारदार उठतं, मऊ 'रेड मेपल'वर कडा चुरगळतात. अडीच इंच जाडीचा ठोकळा नुसत्या हवेवर वाळायला ढोबळमानाने इंचाला एक वर्ष धरतात. ओलं लाकूड कोरलंत तर पुढे ते आकसतं, लॉक खाचेत आवळून बसतं आणि आतल्या लोखंडाला गंज चढतो.

प्रश्न : चकमकीचं लॉक आणि दोन चापांचा 'सेट ट्रिगर' (मागचा चाप चढवला की पुढचा हलक्या बोटाने सुटतो) वेगवेगळीकडून घेतले. घोडा पडताना मध्येच अडकतो. लॉक खराब आहे का?

उत्तर : बहुतेक लॉक चांगलं असणार, फक्त त्यात 'फ्लाय' बसवलेली नसेल. घोड्याबरोबर फिरणाऱ्या टंबलरवर दोन खाचा असतात, अर्ध्या ओढलेल्या घोड्याची आणि पूर्ण ओढलेल्या घोड्याची. साध्या चापावर बोट दाबलेलंच राहतं, त्यामुळे सिअरचं, म्हणजे घोडा रोखून धरणाऱ्या खिट्टीचं, टोक अर्ध्या खाचेवरून वरच्यावर निघून जातं. सेट ट्रिगर मात्र सिअरला एकच टिचकी मारतो आणि सोडून देतो. घोडा खाली येत असताना सिअर परत टंबलरवर टेकतो आणि अर्ध्या खाचेत घुसतो. फ्लाय म्हणजे टंबलरमध्ये बसणारा, तांदळाच्या दाण्याएवढा हलता तुकडा. ती अर्धी खाच तेवढ्यापुरती झाकते. ती नसताना रेटून वापरलंत तर सिअरचं नाक किंवा खाचेची कड तुटते. म्हणून लॉक मागवताना फ्लाय आहे का ते विचारूनच घ्या.

चाप घेताना 'सिंगल फेज' की 'डबल फेज' हेही बघा. सिंगल फेजमध्ये मागचा चाप आधी चढवल्याशिवाय घोडा ओढून टिकत नाही. डबल फेजमध्ये पुढचा चाप एकटाही चालतो. नवशिक्याने डबल फेजच घ्यावा.

ठिणगी पिवळी-पांढरी, सळसळती पडली पाहिजे. तांबूस, मरगळलेली असेल तर फ्रिझनचं, म्हणजे गारगोटी जिच्यावर आपटते त्या पट्टीचं, पोलाद नीट कडक झालेलं नाही. तो विकणाऱ्याकडे परत पाठवा. गारगोटीची रुंदी फ्रिझनपेक्षा किंचित कमी हवी. जास्त झाली तर तिची कड नळीला घासते. इंग्लंडमधल्या ब्रँडनची काळी गारगोटी आणि फ्रान्सची मधाळ रंगाची, दोन्ही चालतात. घोड्याच्या जबड्यात गारगोटीभोवती चामड्याचा तुकडा घालायला विसरू नका.

प्रश्न : दस्त्यात गजाचं (बार ठासायच्या दांड्याचं) भोक आधीच पाडून आलंय. लॉक दस्त्याला आवळणारा पुढचा बोल्ट बसवताना तो गजाला अडतो.

उत्तर : हे दुखणं फार जणांना होतं. नळीच्या खाचेत आणि गजाच्या भोकात लाकडाचा पडदा साधारण १/८ इंचाचा असतो, आणि पुढचा बोल्ट त्याच पडद्यातून आरपार जातो. ८-३२ मापाच्या बोल्टचा व्यास ०.१६४ इंच, म्हणजे पडद्यापेक्षा बोल्टच जाड! वर किंवा खाली थोडं घासणं आलंच. रिवाज असा की बोल्ट जरा वर घेतात आणि नळीच्या तळच्या पृष्ठावर कानशीने उथळ खाच करतात. ती अगदी उथळच हवी. नळीची भिंत पातळ करायची नाही. मात्र लांब ड्रिल लाकडात भरकटून भोकच वर चढलं असेल तर बोल्टला जागा उरत नाही. दस्ता पेटीतून काढल्या काढल्या भोकात ३/८ इंची दांडा घाला, पडद्याची जाडी पुढून आणि लॉकच्या खाचेतून बघा आणि चुकलं असेल तर त्याच दिवशी परत करा. पटाशी लावलेला दस्ता कोणी परत घेत नाही.

प्रश्न : टोपीच्या लॉकसाठी (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने बार पेटवणाऱ्या) निपल, म्हणजे टोपी बसवायची बारीक नळी, सैल बसतंय. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू का?

उत्तर : अजिबात नको. अमेरिकी निपलचे आटे बहुधा १/४-२८ (पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे) असतात, इटालियन बंदुकींचे मेट्रिक, ६ मिलिमीटरचे. दिसायला जुळी भावंडं. ६ मिमीचं निपल १/४च्या भोकात दोन वेढे फिरून बसल्यासारखं वाटतं आणि बार उडताना डोळ्याकडे निसटतं. आटे गेजने मापा आणि योग्य निपल घ्या.

प्रश्न : पितळी बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) आणि ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) वाळूच्या साच्यातलं घ्यावं की मेणाच्या?

उत्तर : वेळ असेल तर वाळूचं. ते खडबडीत येतं, कानस भरपूर लागते, पण धातू जादा असल्यामुळे हवा तो आकार काढता येतो. मेणाचं ओतकाम गुळगुळीत असतं, पण ते जसं आलं तसंच बसवावं लागतं. हातात घेऊन निवडायचं असेल तर १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या इंडियानातल्या फ्रेंडशिप गावच्या स्पर्धांना जा. तिथे विक्रेते मांडून बसतात.

प्रश्न : जुन्या बाजारात वापरलेली नळी मिळतेय. काय तपासू? कायद्याची अडचण?

उत्तर : आधी ती भरलेली नाही ना ते बघा. जुन्या नळीत पन्नास वर्षांपूर्वीचा बारही तसाच असू शकतो. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीवर बाजूने धरा. टोक रंजकाच्या, म्हणजे बार पेटवायच्या, भोकापर्यंत पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच आधीच थांबत असेल तर हात लावू नका, जाणकाराकडे न्या.

रिकामी असेल तर तेलाचा घट्ट फडका गजाने हळूहळू ओढा. मध्येच एकदम सैल लागून पुन्हा आवळला तर तिथे नळी फुगलेली आहे, सोडून द्या. पाइपातून घरी केलेली नळी फुकटही घेऊ नका. दारू काळीच हवी, किंवा तिच्या जागी चालणारी खास बनवलेली. धूररहित दारूने या नळ्या फुटतात.

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार, काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस न घेणारी ठासणीची रायफल संघराज्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' ठरत नाही, म्हणून भाग टपालाने येतात. राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, न्यू जर्सीत तर बरेच कडक. ऑर्डर टाकण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा.