पीएसए 8 चारिझार्ड: सेंटरिंग बघायचं की कोपरे?

पोकेमॉन कार्डांच्या 1999 च्या बेस सेटचे दोन होलो (चमकत्या चित्राचे) चारिझार्ड, दोन्ही पीएसए 8, म्हणजे पीएसए या ग्रेडिंग कंपनीने 10 पैकी 8 ग्रेड दिलेले, किंमतही जवळपास सारखी. एकाचे कोपरे टोकदार, पण चित्र उजवीकडे सरकलेलं. दुसरं मधोमध, पण पाठीमागे दोन कोपरे पांढरे पडलेले. तुमच्या जागी मी दुसरं घेईन.

पीएसए 8 ला समोरून 65/35 पर्यंतचं सेंटरिंग (समोरासमोरच्या दोन किनारींच्या रुंदीचं प्रमाण) चालतं आणि एकदोन कोपऱ्यांना किंचित तंतू सुटलेलेही चालतात. त्यामुळे अगदी वेगळी कार्डं एकाच आकड्यात बसतात. सरकलेलं चित्र मात्र लांबूनही खुपतं. निळ्या पाठीवरचा पांढरा ठिपका कार्ड उलटल्यावरच दिसतो, आणि गिऱ्हाईक आधी समोरची बाजू बघतं. कोपरा दबून थर सुटले असतील, तर मात्र दोन्ही सोडा.

विक्रेत्याकडून 600 डीपीआयचा स्कॅन मागा. डावी पिवळी किनार 78 पिक्सेल आणि उजवी 42 भरली, तर ते 65/35, म्हणजे 8 ची शेवटची पायरी. 72 आणि 48 म्हणजे 60/40. किनार वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला, दोन्हीकडे मोजा. आकडे जुळले नाहीत तर कार्ड तिरकं कापलंय. मोबाईलच्या तिरक्या फोटोवर मोजून काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते नुसतं लेबल बघून. 10 च्या कार्डांत तर हे फारच महागात पडतं. 2025 मध्ये पीएसएने 10 साठी समोरची मर्यादा 60/40 वरून 55/45 वर आणली. जुन्या स्लॅबमधलं (ग्रेड केलेल्या कार्डाच्या सीलबंद प्लास्टिक पेटीतलं) 58/42 चं कार्ड लेबलवर आजही 10 आहे, पण स्लॅब फोडून परत पाठवलंत तर 10 मिळणं कठीण. तरी दोन्हींना एकच भाव सांगितला जातो! एका लिलाववाल्यांकडे मी कोपऱ्यांचे फोटो मागितले, तर उत्तर आलं, 'ग्रेड लेबलवर आहे.' अहो, ग्रेड वाचता येतो, कार्ड बघायचंय! असं उत्तर आलं की बोली लावू नका.

री-ग्रेडच्या आशेने घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा: कोपऱ्यांबाबत दोन ग्रेडरांचं मत वेगळं पडू शकतं, मोजलेली किनार बदलत नाही. अर्थात हे माझं मत. ग्रेडची हमी कोणीच देऊ शकत नाही.

बीजीएस या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या लेबलवर सबग्रेड (प्रत्येक बाबीचे वेगळे गुण) छापलेले असतील तर सेंटरिंग आणि कोपऱ्यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. होलोवरचे ओरखडे स्कॅनमध्ये लपतात, म्हणून कार्ड दिव्याखाली तिरकं फिरवलेला व्हिडिओही मागून घ्या.