टर्बो पद्मिनी हंगामभरात वळणावर कशी आणावी

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लातूरला तुम्ही प्रीमियर पद्मिनीच्या सांगाड्यात ऑक्टेव्हियाचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन लांबीच्या दिशेने बसवले आहे, मागचा ॲक्सल (चाकांचा आस) दुसऱ्या गाडीचा आहे, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) मात्र मूळ पद्धतीचेच आहेत आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, २०० अश्वशक्ती मिळाली आहे. हंगामातील पहिल्या हिलक्लाइंबमध्ये, म्हणजे एकेका गाडीची वेळ मोजणाऱ्या चढाच्या शर्यतीत, या गाडीला ७१ सेकंद लागले; गेल्या वर्षी त्याच चढावर ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर तुम्ही ६९ सेकंदांत वर पोहोचला होतात. उरलेल्या तीन स्पर्धांआधी मोठा टर्बो बसवावा की रुंद टायर घ्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे, की सध्या यांपैकी काहीही करू नये. पुढच्या स्पर्धेसाठी बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब) ०.५ बारवर आणावे, गाडी साधारण १५० अश्वशक्तीवर चालवावी, आणि ती जसजशी ताकद रस्त्यावर उतरवू लागेल तसतसे बूस्ट परत द्यावे. वाळूजला माझे लेथचे काम आहे आणि अशाच एका पद्मिनीवर मी तीन हंगाम घालवले आहेत, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहितो.

पद्मिनी मुळात १०८९ सीसीच्या आणि ४० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी बांधलेली गाडी आहे. तुम्ही तिच्यावर पाचपट भार टाकला आहे, पण त्यातील किती भार रस्त्यापर्यंत पोहोचू शकतो याचा हिशेब कागदावर करता येतो आणि तो प्रत्येकाने एकदा करावाच. चालकासह वजन ९७० किलो आणि त्यातील ४५ टक्के मागच्या चाकांवर, असे तुमचे आकडे आहेत. टायरची पकड ०.९ धरली, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर) २.३४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर धरली, तर वेग घेताना मागे सरकणारे वजन हिशेबात घेऊनही मागची दोन चाके मिळून सुमारे ४,९०० न्यूटन एवढाच जोर लावू शकतात. त्याहून अधिक दिले की चाक नुसते फिरते. या जोराला वेगाने गुणले तर ताशी ४० किलोमीटरला जेमतेम ७५, ६०ला ११० आणि ८०ला १४५ ते १५० अश्वशक्ती वापरता येते, आणि तुमच्या २०० अश्वशक्तीला रस्ता मिळायला वेग ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास जावा लागतो. तीन हेअरपिन (गाडी जवळजवळ उलट फिरवणारी वळणे) असलेल्या त्या चढावर तुमची गाडी किती सेकंद १०० किलोमीटरच्या वर असते, हे तुम्हीच आठवून पाहावे. शिवाय हा हिशेब सरळ रेषेतला आहे. वळणातून बाहेर पडताना टायरची बरीचशी पकड गाडीला वळवण्यातच खर्च होते आणि पुढे ढकलण्यासाठी त्याहून कमी उरते.

ही अडचण जुनी आहे आणि फार मोठ्या लोकांनाही ती चुकलेली नाही. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्शचा चढ १९०५पासून चालू आहे आणि त्याची लांबी अवघी ९१४ मीटर आहे. तिथे जर्मन चालक हान्स श्टुक यांनी १९३०मध्ये ऑस्ट्रो-डाइमलर गाडीने ४२.८ सेकंदांचा विक्रम केला. तेच श्टुक १९३६मध्ये ऑटो युनियनची सोळा सिलिंडरची, कितीतरी अधिक ताकदीची गाडी घेऊन आले, पाऊस पडला, आणि त्यांना ४८ सेकंदांहून अधिक लागले. त्या काळात चढाच्या शर्यतींसाठी मागे दोन-दोन चाके जोडून लावत असत, ती याच कारणाने. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे फ्रेंच रॅली चालक सेबास्तियन लोब यांची अमेरिकेतील पाइक्स पीक या चढावरची २०१३ची प्युजो गाडी: ८७५ किलो वजन आणि ८७५ अश्वशक्ती. त्या गाडीने जवळजवळ २० किलोमीटरचा चढ ८ मिनिटे १३.८७८ सेकंदांत पार केला, पण ती ताकद चारही चाकांवर वाटलेली होती आणि तिला दाबून धरायला मागे प्रचंड पंख होता. आपल्या वेगांवर पंखाचा उपयोग नगण्य आहे आणि ताकद दोनच चाकांवर जाते.

आता वेळेचा हिशेब पाहू. तीन स्पर्धा उरल्या आहेत, प्रत्येकीत सरावासह पाच फेऱ्या मिळतील आणि एक फेरी ७० सेकंदांची आहे. म्हणजे उरलेल्या संपूर्ण हंगामात ही गाडी स्पर्धेच्या रस्त्यावर साडेसतरा मिनिटे धावणार आहे. सर्किटवरचा चालक एका सकाळी याहून अधिक चालवून घेतो, चुकतो आणि पुढच्या फेरीत दुरुस्त करतो. चढावर दुसरी फेरी लागलीच मिळत नाही, आणि मिळते तेव्हा टायर पुन्हा थंड झालेले असतात. एवढ्या थोड्या मिनिटांत एकाच वेळी टर्बो, टायर आणि पाटे बदलले, तर वेळ सुधारली काय किंवा बिघडली काय, कारण कळणार नाही. म्हणून एका स्पर्धेला एकच मोठा बदल, हा नियम मी स्वतःवर सक्तीने लादून घेतला आहे.

मोठ्या टर्बोचा मोह मलाही झाला होता. माझ्या दुसऱ्या हंगामात मी तो बसवला आणि डायनोवरचा आकडा पाहून समाधानी झालो. उजव्या हेअरपिनमधून निघताना मी पेडल दाबले, काहीच झाले नाही म्हणून आणखी दाबले, आणि स्टिअरिंग अजून वळलेलेच असताना बूस्ट एकदम आले. मागची बाजू फिरली, डावे चाक दगडी कठड्यावर आदळले आणि ॲक्सलचे हाऊसिंग (बाहेरचे आवरण) चार मिलिमीटर वाकले. हंगाम तिथेच संपला. चढासाठी लहान, लवकर जागा होणारा टर्बो चांगला. तुमचा मूळचाच टर्बो त्या दृष्टीने योग्य आहे आणि तो बदलण्यात पैसे घालवू नयेत.

पहिले काम मी थ्रॉटलचे सांगेन, कारण ते सर्वांत स्वस्त आहे आणि मला सर्वाधिक फायदा त्यातूनच झाला. थ्रॉटलची झडप पहिल्या थोड्याशा उघडण्यातच बहुतेक हवा आत सोडते, त्यामुळे अशा गाडीत पेडल बोटभर दाबले तरी अर्ध्याहून अधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकांवर येतो आणि चालकाच्या पायाला मधली जागाच उरत नाही. तुम्ही थ्रॉटल केबलचाच ठेवला आहे, हे फार बरे झाले. केबल ज्या चकतीवर गुंडाळली जाते ती मूळची गोल चकती काढून मी आठ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यातून दुसरी कापली. तिची त्रिज्या सुरुवातीला मोठी ठेवली आणि पुढे कमी करत नेली, त्यामुळे अर्धे पेडल दाबल्यावर झडप पावच उघडू लागली. कडा कानशीने घासून आणि खोबणीला पॉलिश करून ती चकती बसवायला मला एक दुपार लागली, आणि पुढच्या स्पर्धेत मी पहिल्यांदाच हेअरपिनमधून मागचे चाक न फिरवता बाहेर पडलो.

दुसरे काम पाट्यांचे आहे. सुटताना मागून ‘धडधड’ असा हादरा येतो आणि गाडी जागीच नाचते, असे तुम्ही लिहिले आहे. तो इंजिनाचा किंवा क्लचचा दोष नाही. चाक पुढे ढकलू लागले की ॲक्सलचे हाऊसिंग उलट दिशेने फिरू पाहते, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, टायरची पकड सुटते, पाटा झटक्याने सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, आणि हे सेकंदात अनेकदा घडत राहते. यासाठी हाऊसिंगच्या खालून पुढे जाणारे दोन मजबूत दांडे घालावेत. त्यांचे पुढचे टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या शक्य तितके जवळ असावे. ते भलतीकडे जोडले तर चाक वर-खाली होताना दांडा आणि पाटा वेगवेगळ्या कमानीत फिरू पाहतात आणि सस्पेन्शन अडकते. ज्या ठिकाणी दांडा तळाला जोडाल तिथे आतून-बाहेरून जाड पत्रा घ्यावा, कारण पद्मिनीचा तळ एवढा जोर सोसण्यासाठी केलेला नाही. हे झाल्यावर वळणात आतले चाक फिरते असे दिसेल, आणि तेव्हाच प्लेटच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलचा, विचार करावा. डिफरन्शियल वेल्ड करून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. घट्ट वळणांच्या चढावर तसे केले तर गाडीचे नाक वळतच नाही.

चारही चाकांवरचे वजन जुळवणे हे खर्चाचे काम वाटते, पण आपल्याकडे ते सहज होते. मी मोंढ्यातील ओळखीच्या आडत दुकानांतून पाचशे किलोचे चार इलेक्ट्रॉनिक काटे एका रविवारी मागून आणले. गवंड्याच्या पाणसळीने चारही काट्यांची उंची एका पातळीत आणली, आवश्यक तिथे खाली पत्रे सारले, आणि गाडी वर चढवून स्वतः हेल्मेटसह सीटवर बसलो. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून एकूण वजनाच्या निम्मे असायला हवे. माझे ते ५४ टक्के निघाले, आणि गाडी डावीकडे वेगळी व उजवीकडे वेगळी का वळते याचा उलगडा झाला. चालकाशिवाय केलेले वजन उपयोगाचे नाही. त्याच दिवशी बॅटरी इंजिनाजवळून काढून डिकीत, मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागे न्यावी. १८ किलोची बॅटरी तिथे गेली की पुढच्या चाकांवरचा सुमारे २० किलो भार मागच्या चाकांवर येतो.

रुंद टायरबद्दल थोडक्यात सांगतो. ७० सेकंदांत रुंद टायर तापतच नाही, आणि न तापलेला रुंद टायर अरुंद पण मऊ टायरपेक्षा वाईट असतो. आहे त्याच मापात मऊ कंपाउंड घ्यावे, खांद्यावर खडूच्या रेघा ओढाव्यात, आणि वर पोहोचल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहून हवा कमी-जास्त करावी. खाली परतताना टायरला चिकटलेली खडी आणि काळ्या मातीची धूळ पुढच्या फेरीला निघण्याआधी काढलीच पाहिजे. हेच तर्कशास्त्र ब्रेकलाही लागू आहे: शर्यतीचे कडक पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाहीत आणि आपले पहिले वळण दहाव्या सेकंदाला येते, तेव्हा थंडपणी धरणारे पॅडच वापरावेत.

उन्हाबद्दल मात्र तुम्ही प्रश्नात काहीच लिहिलेले नाही, आणि मार्चनंतरच्या स्पर्धांत तेच सर्वांत महागात पडते. ४२ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. तेवढे नुकसान सोसता येते. खरे नुकसान सुटण्याच्या रांगेत होते, जिथे गाडी वीस मिनिटे उन्हात उभी राहते, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) इंजिनाच्या धगीने भाजून निघतो, आणि आत येणारी हवा तापल्याचे दिसताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देऊन ताकद कमी करतो. मी रांगेत इंटरकूलरवर ओले गोणपाट टाकून ठेवतो आणि त्यावर सतत पाणी मारतो. गोणपाट काढायचे राहू नये म्हणून त्याच वेळी स्टिअरिंगला एक लाल फडके बांधलेले असते. ते सोडल्याशिवाय हातमोजे घालायचे नाहीत, असा आमचा शिरस्ता आहे.

चाचणीसाठी कृपया सार्वजनिक रस्त्यावर जाऊ नये. पहाटे म्हैसमाळच्या रस्त्यावर किंवा कन्नडच्या औट्रम घाटात जाऊन पाहणारे मला माहीत आहेत. त्या घाटात कोणत्याही वेळी समोरून दुसरी गाडी येऊ शकते आणि तिच्या चालकाचा यात काही दोष नसतो. बंद पडलेल्या एखाद्या जिनिंगचे काँक्रीटचे आवार मालकाच्या लेखी परवानगीने मिळवावे. शंभर मीटर जागा पुरते, कारण तिथे आपल्याला फक्त सुटणे तपासायचे आहे. ब्रिटनमध्ये चढाच्या शर्यतीत पहिल्या ६४ फुटांची, म्हणजे साडेएकोणीस मीटरची, वेळ वेगळी मोजतात. तीच पद्धत धरावी. दोन खुणा आखाव्यात, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावे आणि फ्रेम मोजून वेळ काढावी. प्रत्येक वेळेसोबत बूस्ट, टायरची हवा, रस्त्याचे तापमान आणि कोणता बदल केला होता हे वहीत त्याच क्षणी लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदींवर मी आता विश्वास ठेवत नाही.

बूस्ट परत कधी द्यायचे, याची माझी कसोटी सरळ आहे. ०.५ बारवर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये हेअरपिन सोडल्यावर, स्टिअरिंग सरळ होण्याच्या आत पूर्ण पेडल दाबू शकलात आणि तसे सलग तीन फेऱ्यांत झाले, तर ०.१ बार वाढवावे. ते दुसऱ्या गिअरमध्ये जमत नसेल आणि तिसऱ्यात जमत असेल, तर ईसीयूमध्ये गिअरनुसार बूस्ट ठेवावे. ६९ सेकंदांच्या खाली तुम्ही कदाचित १५० अश्वशक्तीवरच जाल, असे मला वाटते.

पुढच्या स्पर्धेला चकती आणि ०.५ बार एवढेच घेऊन जावे. पाट्यांच्या दांड्यांचे काम त्यानंतर करावे, आणि त्यासाठी मला तीन आकडे लागतील: ६४ फुटांच्या किमान पाच वेळा, चारही चाकांवरचे वजन, आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर. ते इथे लिहिलेत की दांड्यांची लांबी काढून देतो.