धातूतल्या बुडबुड्यांवर करिअर होतं का?

प्रश्न: मी बीएस्सी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात अणुभट्टीतल्या पोलादात तयार झालेल्या हेलियमच्या बुडबुड्यांचे फोटो पाहिले, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. बाबा म्हणतात, इतक्या लहान विषयात नोकरी कोण देणार? शिवाय प्रयोगाकडे वळू की कॉम्प्युटरकडे, तेही ठरत नाही.

उत्तर: बाबांची काळजी रास्त आहे. बुडबुड्यांचा तज्ज्ञ हवा, अशी जाहिरात तुला कुठेही दिसणार नाही. पण हाच प्रश्न निरनिराळ्या नावांनी अनेक उद्योगांत ठाण मांडून बसला आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन बऱ्यापैकी विरघळतो. धातू गोठताना त्याचा जेमतेम विसावा हिस्सा आत मावतो आणि उरलेला बुडबुडे होऊन छिद्रं ठेवतो. फाउंड्री आणि वेल्डिंगवाल्यांची ही रोजची डोकेदुखी. युरेनियमच्या इंधनात दर 100 विखंडनांमागे (अणुकेंद्र फुटण्यामागे) झेनॉन आणि क्रिप्टॉन या वायूंचे मिळून 25 ते 30 अणू जन्मतात आणि इंधन फुगवतात. सिलिकॉनच्या उद्योगात तर बुडबुडे मुद्दाम घडवतात. हायड्रोजन ठरावीक खोलीवर घुसवून वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, तापवली की बारीक पोकळ्या एकमेकींना मिळतात आणि वरचा पातळ थर सुटून येतो.

आता तू पाहिलेल्या फोटोंकडे येऊ. न्यूट्रॉनच्या माऱ्याने दोन गोष्टी होतात. अणू जागचे उडून रिकाम्या जागा तयार होतात, आणि निकेलसारख्या मूलद्रव्यांपासून हेलियम बनतो. हेलियम धातूत जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तो रिकाम्या जागा गाठतो आणि तिथे साठत जातो. कणसीमांवर, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक-कण एकमेकांना भिडतात तिथे, असे बुडबुडे जमले की धातू ठिसूळ होतो.

एक आकडेमोड करून बघ. समतोलातल्या बुडबुड्याचा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. पृष्ठताण 1 न्यूटन प्रति मीटर आणि त्रिज्या 1 नॅनोमीटर धरली, तर दाब वातावरणाच्या सुमारे 20,000 पट येतो! आता असे दोन सारखे बुडबुडे एकत्र आण. मिळाल्या क्षणी आकारमान दुप्पट होतं, त्रिज्या मात्र 1.26 पटच वाढते. आतला दाब तितकाच राहिला, पण या मोठ्या त्रिज्येला तो जास्त झाला. मग आजूबाजूच्या रिकाम्या जागा येऊन मिळत राहतात आणि त्रिज्या 1.41 पट होईपर्यंत बुडबुडा फुगतो. आकारमान दोन्ही बुडबुड्यांच्या बेरजेपेक्षा 41 टक्क्यांनी वाढलं, आणि वायूचा एकही नवा अणू आलेला नाही! हे आदर्श वायूचं गणित आहे. इतक्या दाबाला हेलियम आदर्श वागत नाही, तेव्हा पुढची पायरी म्हणून ती दुरुस्ती तूच करून बघ.

घन धातूत बुडबुडे एकमेकांपर्यंत पोहोचतात तरी कसे? त्यांच्या आतल्या पृष्ठभागावरचे अणू एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात, तसा अख्खा बुडबुडाच हळूहळू जागा बदलतो. लहान बुडबुडे अधिक चपळ असतात. ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या बार्न्स आणि मेझी यांनी तांब्यातल्या हेलियम बुडबुड्यांची ही हालचाल आणि एकत्र येणं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 1963 मध्ये प्रसिद्ध केलं.

प्रयोग की कॉम्प्युटर, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: एक हात पक्का कर, दुसऱ्याची भाषा शीक. रेण्वीय गतिकीच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे एकेका अणूची हालचाल कॉम्प्युटरवर मोजताना, अणूंचा हिशेब सहसा नॅनोसेकंदांपुरताच परवडतो आणि अणुभट्टीतला धातू वर्षानुवर्षं तापत असतो. हे अंतर ओलांडायला मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणारी गणनपद्धत) आणि दर-समीकरणं (कोणती घटना किती वेगाने घडते याची समीकरणं) लागतात, आणि ती बरोबर आहेत का हे शेवटी धातूचा खरा नमुनाच सांगतो. प्रयोगाच्या बाजूला चिकाटी लागते. नमुना इतका पातळ करावा लागतो की इलेक्ट्रॉन आरपार जावेत. फोकस थोडा कमी ठेवला तर बुडबुडा उजळ आणि कडा गडद दिसते, फोकस पलीकडे नेला की उलट. तासन्‌तास अंधाऱ्या खोलीत हे करण्यात तुला गोडी वाटेल का, हे एखाद्या उन्हाळी प्रकल्पातच कळेल.

पदवीनंतर पदार्थविज्ञान (मटेरियल्स सायन्स) किंवा धातुशास्त्रात एम.टेक. किंवा एम.एस्सी. कर. ऊष्मागतिकी, विसरण (डिफ्यूजन) आणि स्फटिकांतले दोष हे तीन विषय घासून पक्के कर; पायथॉन आत्तापासूनच लिहायला लाग. उद्योगात जायचं तर एवढ्यावर दार उघडतं. निव्वळ संशोधनाला मात्र पीएच.डी. लागते आणि त्यात चार-पाच वर्षं जातात, हे बाबांना आधीच सांगून ठेव.

ज्यांच्या व्याख्यानात ते फोटो पाहिलेस, त्यांना या आठवड्यातच ईमेल कर. आवड आहे एवढंच लिहू नकोस. वरची आकडेमोड स्वतः करून, जिथे अडलीस तिथे खूण करून ते पान जोड आणि उन्हाळ्यात काम करायला मिळेल का, असं सरळ विचार.