सस्त्रुगीचा शस्त्राशी काही संबंध नाही, आणि ‘रुक्षता’ नको

प्रश्न असा आलाय की ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाच्या ‘सरफेस रफनेस’ला मराठीत काय म्हणायचं, कुणीतरी ‘पृष्ठीय रुक्षता’ सुचवलंय ते चालेल का, आणि त्या विषयात सारखा भेटणारा ‘सस्त्रुगी’ (वाऱ्याने टणक हिमात कोरलेले कंगोरे) हा शब्द संस्कृत ‘शस्त्र’वरून तिकडे गेला असं एका लेखात वाचलं ते खरं का.

आधी माझा एक राग काढून घेतो. सागरी बर्फाबद्दलची मराठी बातमी उघडा, दुसऱ्या वाक्यात ‘हिमनग’ येतोच येतो. अहो, हिमनग म्हणजे जमिनीवरची हिमनदी समुद्रापर्यंत पोचल्यावर तिचा तुटून पडलेला तुकडा, मुळात पडलेल्या हिमाचा, गोड्या पाण्याचा. सागरी बर्फ म्हणजे खुद्द समुद्राचं खारं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठून झालेला थर, एका हिवाळ्यात साधारण एक-दोन मीटर जाड होतो, संपला विषय. ‘हिमनगाचं टोक’ म्हणायची इतकी सवय झालीय की पाण्यावर पांढरं काही तरंगताना दिसलं की हिमनग!

आता सस्त्रुगी. शस्त्रवाला लेख मीही वाचला आणि डोक्याला हात लावला. संस्कृतात ‘शस्’ म्हणजे कापणं, सस्त्रुगी वाऱ्याने कापल्यासारख्या दिसतात, म्हणून शस्त्र, झालं, एवढ्यावर लेखकमहाशय थेट सैबेरियात पोचले. पण मूळ रशियन शब्द ‘स’ने सुरूच होत नाही. तो आहे ‘ज़ास्त्रुगा’, पहिलं अक्षर ‘बाजार’मधल्या ‘ज’सारखं. ‘ज़ा’ हा उपसर्ग आणि पुढे ‘स्त्रुग’, म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, ‘स्त्रोगात’ म्हणजे तासणं. म्हणजे आपला रंधा! मग ‘स’ कुठून आला? जर्मनमधून. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला स्वराआधी आलेला ‘एस’ साधारण ‘ज़’सारखा वाचतात, त्यामुळे त्यांनी ‘एस’ लिहिला तो बरोबरच लिहिला, इंग्रजीने स्पेलिंग तसंच उचललं आणि वाचलं मात्र आपल्या पद्धतीने, आणि ‘सस्त्रुगी’ झालं. म्हणजे ज्या ‘स’वर शस्त्राची सगळी इमारत उभी आहे तो ‘स’ स्पेलिंगच्या घोटाळ्यातून जन्मलाय. नुसत्या सारखेपणावरून व्युत्पत्ती ठोकणाऱ्यांनी एकदा तरी मूळ भाषेचा उच्चार ऐकावा, एवढीच विनंती.

आणि मला खरा आनंद इथे होतो की हा शब्द अगदी नेमका आहे. वाऱ्याने हिम आणून टाकलं आणि त्याचे ढीग झाले तर त्या टेकड्या, सस्त्रुगी नाहीत. सस्त्रुगी व्हायला आधी हिम पडून वाऱ्याने दाबलं जावं लागतं, कण एकमेकांना चिकटून थर टणक व्हावा लागतो, आणि मग नंतरचा जोरदार वारा उडते कण घासत घासत त्याच थराला कोरतो. म्हणजे भर नाही, तासणं. जवळून पाहिलं तर प्रत्येक कंगोऱ्याचं नाक वारा येतो त्या बाजूला असतं, त्या नाकाखालचं हिम कोरलं जाऊन पोकळी होते, वर ओठासारखी पातळ कड लोंबत राहते आणि एक दिवस तुटते, आणि मागे शेपूट वारा जातो त्या बाजूला निमुळती होत जाते. ‘हिमाच्या लाटा’ असं भाषांतर करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की लाट वाऱ्याला आडवी असते, सस्त्रुगी वाऱ्याच्या रेषेत उभ्या. भाषांतरात अख्खे नव्वद अंश चुकले!

हे नव्वद अंश महत्त्वाचे अशासाठी की लोक यांच्यावर वाट काढत. फर्डिनांड रँगेल हा रशियन नौदलातला जर्मनभाषक अधिकारी १८२० ते १८२४ दरम्यान सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर आणि तिथल्या गोठलेल्या समुद्रावर कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फिरला, त्याच्या वर्णनात आहे की गाडीवान या रेघांशी ठराविक कोन धरून दिशा राखतात, कारण मुख्य वारे कुठून वाहतात ते त्यांना पक्कं माहीत. धुक्यात, दूरवर एकही खूण नसताना, पायाखालच्या रंध्याच्या खुणा हेच होकायंत्र. त्याचं पुस्तक आधी जर्मनमध्येच छापलं गेलं, तेव्हा तो ‘एस’ तिथूनच पुढे सरकला असावा असा माझा अंदाज आहे, आणि शस्त्रापेक्षा तो नक्कीच बरा अंदाज आहे.

जाता जाता, ‘रंधा’ फारसी ‘रंदे’वरून आलाय. ‘बर्फ’ही फारसीच, आणि फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडणारं हिम, गोठलेल्या पाण्याला ते ‘यख़’ म्हणतात. आपण शब्द आणला आणि दोन्हीला एकच करून टाकला, आणि मग या विषयात घोळ होतो, कारण सस्त्रुगी हिमात होतात आणि दाबाचे कडे (तक्ते एकमेकांवर ढकलले जाऊन झालेल्या राशी, पुढे येतीलच) बर्फात. मी इथे हिम आणि बर्फ काटेकोरपणे वेगळे लिहितोय, तुम्हीही लिहा.

हो, रफनेस. ‘रुक्षता’ माझ्या मते बाद. संस्कृतात रूक्ष म्हणजे खरबरीत हे मान्य, कोशही दाखवाल, पण आज मराठीत रुक्ष म्हणजे कोरडा, नीरस. खारं पाणी मुरलेल्या बर्फाला रुक्ष म्हणणं म्हणजे कोशासाठी भाषा, भाषेसाठी कोश नव्हे. माझं म्हणणं (यावर वाद घाला, मी तयार आहे) असं की मराठीकडे याला एक नाही, तीन शब्द आहेत आणि तिन्ही लागतात: हाताला लागतं ते खरखरीत, पायाला लागतं ते खडबडीत, डोळ्याला दिसतं ते उंचसखल. इंग्रजी तिन्हीला रफनेस म्हणते आणि मग प्रत्येक शोधनिबंधात कुठल्या मापाचा रफनेस ते पुन्हा सांगत बसते.

खरखरीत बघा. शांत, कडाक्याच्या थंडीत समुद्र गोठायला लागला की आधी पाण्यात बारीक सुया, मग तेलकट दिसणारा साका, मग दहा सेंटीमीटरपर्यंतची लवचिक, गुळगुळीत, काळपट कातडी, तिला निलास म्हणतात (हाही शब्द रशियन). हवा स्थिर राहिली तर त्या नव्या बर्फावर हिमफुलं उगवतात, दोन-तीन सेंटीमीटरची, पाकळ्या पिसासारख्या, बर्फातलं दाट खारं पाणी वर शोषून घेतल्याने भलतीच खारट. डोळ्याला हा पृष्ठभाग सपाटच, पण सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर, त्याला ही फुलं म्हणजे मोठाच अडथळा, त्यामुळे कालपर्यंत रडारच्या चित्रात काळा दिसणारा बर्फ आज उजळतो. काही जाड-बिड झालेला नसतो हो, नुसता खरखरीत झालेला असतो.

समुद्र शांत नसेल, आणि अंटार्क्टिकाभोवती तो क्वचितच असतो, तर निलास जमतच नाही, साक्याच्या गोल चकत्या होतात, एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात, पुढे त्या गोठून सलग झाल्या तरी त्या कडा राहतातच. हे खडबडीत. सस्त्रुगीही इथेच. फक्त त्या कायमच्या नाहीत, पुढचं वादळ वेगळ्या दिशेने आलं की जुन्या मोडून नव्या. कधी उलटंही होतं, पडलेलं हिम खाचांत भरून सगळं सपाट करून टाकतं.

उंचसखल म्हणजे दाबाचे कडे. वारा आणि प्रवाह बर्फाचे तक्ते एकमेकांवर ढकलतात, पातळ असले तर एक दुसऱ्यावर सरकतो, जाड असले तर तुटून ठोकळ्यांची रास होते, वर काही मीटर आणि पाण्याखाली त्याच्या साधारण चौपट. वरच्या भागाला इंग्रजीत ‘सेल’ म्हणजे शीड म्हणतात, आणि नाव सार्थ आहे, वारा त्यालाच धरून अख्खा तक्ता ढकलतो. पुढे ठोकळ्यांमधलं पाणी गोठून कडा घट्ट होतो, उन्हाळ्यात टोकं वितळतात, दोन-तीन वर्षं टिकलेला कडा गोलसर उंचवटा होऊन बसतो. त्यामुळे अनुभवी माणूस आकारावरून कड्याचं वय साधारण सांगतो, धारदार ठोकळे म्हणजे याच हिवाळ्यातला.

आणि इथेच बदल होतोय. आर्क्टिकमध्ये अनेक वर्षं टिकलेला बर्फ कमी झालाय, बहुतेक बर्फ आता एका हिवाळ्याचा, आणि विमानातून लेझरने केलेल्या मोजण्यांत कडे कमी आणि बुटके होत चाललेले दिसतात. २०१८ साली सोडलेला आइससॅट-२ उपग्रह हे कडे अवकाशातूनही मोजतो. सपाट झालं तर बिघडलं काय, असं वाटेल. बिघडतं, कारण उन्हाळ्यात वितळलेलं पाणी उंचसखल बर्फावर खोलगट जागीच साठतं, सपाट बर्फावर ते दूरवर पसरतं, आणि हिमाने झाकलेला बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो तिथे ही डबकी वीस ते चाळीस टक्केच पाठवतात. बाकीचं ऊन बर्फ वितळवायला मोकळं.

तर तुमच्या अनुवादात एकच शब्द हवा असेल तर ‘खडबडीतपणा’ घ्या, मोजमाप दिलं असेल तर वरच्या तिघांतला योग्य तो घ्या. आणि ‘सस्त्रुगी’ हे मुळात अनेकवचन आहे, एक असली तर सस्त्रुगा, तीही स्त्रीलिंगी. परवा एका अनुवादात ‘सस्त्रुग्या’ वाचलं. अनेकवचनाचं अनेकवचन! मराठीत लिहिताना ‘ज़ास्त्रुगी’ लिहिलंत तर मला फार आवडेल, आपल्याला तो उच्चार जन्मापासून येतो, जर्मनांच्या ‘एस’ची उधारी करायची गरज नाही. पण संपादक ते बदलून सस्त्रुगीच करणार, हेही मला माहीत आहे.