संथ हालचालींमागची युद्धकला

प्रश्न : चीनमधील बागांत वयस्कर माणसे सकाळी संथपणे हात फिरवत ‘ताई ची’ करताना दूरदर्शनवर पाहिली. हिला युद्धकला का म्हणतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शंका स्वाभाविक आहे, मात्र ‘ताईचीछ्वान’ या पूर्ण नावातील ‘छ्वान’ या शब्दाचा अर्थच मूठ असा आहे. हनान प्रांतातील चेनज्यागोऊ या गावी सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांनी ही कला आकाराला आणली, असे सामान्यतः मानले जाते. तिथल्या चेन शैलीत आजही संथ, पीळदार हालचालींमधून एकाएकी पाय आपटला जातो आणि ठोसा सुटतो. याच गावात शिकलेल्या यांग लुचान यांनी एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगमध्ये नेली. बागांत दिसतो तो बहुधा यांग शैलीवरून १९५६ साली बेतलेला २४ हालचालींचा सोपा क्रम असतो.

खरी गंमत आहे ती ‘तुईशोऊ’ या जोडीच्या सरावात. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट टेकवतात आणि हात गोलाकार फिरवत राहतात. एकाने ढकलले की दुसरा अडवत नाही. कंबर वळवून तो जोर बाजूला जाऊ देतो आणि ढकलणाऱ्याचा तोल पुढे गेला की हलक्या धक्क्याने त्याला हलवतो. संथ सराव करायचा तो यासाठीच, कारण घाईत लपणारी तोलाची चूक सावकाश पाऊल टाकताना लगेच उघडी पडते. गुडघे किंचित वाकवून पाच मिनिटे असे चालले तरी मांड्या भरून येतात. तेव्हा हिला ‘म्हातारपणची कसरत’ म्हणणे, निदान माझ्या मते, अन्यायाचे आहे.